पायी चालणाऱ्याच्या वाट्याचे पैसे

राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा एक तुकडा घ्या. तीन वर्षांत तिथे माणसं दगावलेले किंवा गंभीर जखमी झालेले पाच अपघात झाले, किंवा एकूण दहा जीव गेले, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. मग तिची नोंद होते, पाहणी होते, दुरुस्तीचा प्रस्ताव वर जातो आणि पैसे मंजूर व्हायची वाट मोकळी होते. ही व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यातला दहाचा आकडा कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना. अभियंत्यांना कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला कळतं. देशभरातल्या हजारो धोक्याच्या जागांमधून आधी कुठली हाती घ्यायची, हे ठरवायला काहीतरी माप हवंच. पण त्या मापाप्रमाणे पैसा येतो तो माणसं गेल्यानंतर. शाळेसमोर कुठेही धड ओलांडता येत नाही, बसथांब्यावर उतरणारी माणसं थेट ट्रकच्या वाटेत उतरतात, हे उघड्या डोळ्यांनी दिसत असलं तरी ते या हिशेबात धरलं जात नाही.

२०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद. कुणी कामावर निघालं होतं, कुणी दवाखान्यात, कुणी नुसतं पलीकडच्या दुकानातून दूध आणायला. यांच्यापैकी कुणाच्याही हातात स्टिअरिंग नव्हतं, कुणीही दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं काही चालवत नव्हतं. वेगाचं गणित तर फार निर्दय आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेला, तर धडक बसलेला पादचारी मरण्याची शक्यता साडेचार पटींनी वाढते. चालवणाऱ्याला हा फरक पायाच्या थोड्याशा दाबाएवढाच वाटतो.

आणि चालणारे काही थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेत माणसं कामावर कशी जातात, हेही विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांमध्ये सुमारे साडेचार कोटी लोक पायी जात होते आणि अडीच कोटींहून जास्त सायकलवर. मोटारीने जाणारे त्यांच्या मानाने मूठभर. तरीही अर्थसंकल्प सादर होतो तेव्हा उड्डाणपूल, बोगदे, रिंगरोड यांचे आकडे ठळक मथळ्यात येतात. चालणाऱ्यांसाठी काय ठेवलं आहे, ते शोधायला आतल्या पानांत, बारीक अक्षरात शिरावं लागतं.

मी पुण्यात वाढले. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते आणि निवृत्त होईपर्यंत सायकलनेच गेले. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. डबे हँडलला अडकवलेले, पायजम्याला किंवा पँटला खालून क्लिप लावलेली. त्या लोंढ्यात मोटार सापडली तर मोटारच हळू व्हायची. बाबा एक गोष्ट आवर्जून सांगतात. त्यांच्या तरुणपणी सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागायचा, त्याचे पैसे भरावे लागायचे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. म्हणजे सायकलवाल्याकडून शहराने कर घेतला, शिस्तही घेतली. त्याच्यासाठी वेगळी वाट मात्र त्या काळी कुणी केली नाही, आणि तशी गरजही कुणाला भासली नाही, कारण सगळा रस्ताच त्याचा होता. पुढे स्कूटर आल्या, मोटारसायकली आल्या, आणि रस्ता त्याच्या हातातून गेला. कधी गेला, हे त्यालाही नीट कळलं नाही.

ती वाट परत द्यायला पैसा आला तो २००५ नंतर. त्या वर्षीच्या डिसेंबरात केंद्राने शहरांसाठी मोठी योजना सुरू केली. पुण्यातली वर्तमानपत्रं तिला ‘नेहरू योजना’ म्हणायची. पुण्याएवढ्या शहराला प्रकल्पाच्या खर्चातला निम्मा वाटा केंद्र देणार, वीस टक्के राज्य आणि उरलेले तीस टक्के महापालिकेने उभे करायचे, अशी रचना होती. २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्त्यावरून वाहनं नव्हे तर माणसं नीट पुढे गेली पाहिजेत, हा त्या धोरणाचा गाभा होता, आणि चालणाऱ्यांना व सायकलींना सुरक्षित जागा देणं हे त्यात सरळ शब्दांत लिहिलेलं होतं. मला आजही तो दस्तऐवज शहाणपणाचा वाटतो. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळी वाट राखून ती जलद नेण्याचा, पहिला प्रयोग सुरू झाला. बससाठी मधली मार्गिका, कडेला सायकल ट्रॅक, त्याच्या बाजूला फुटपाथ. कागदावर बघितलं तर देशातलं कुठलंही शहर हेवा करील असं चित्र.

पुढे त्या ट्रॅकचं काय झालं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मधेच झाड, पुढे महावितरणचा डीपी म्हणजे विजेची पेटी, त्याच्या पुढे बसथांब्याची शेड, मग कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकाचा उतार, आणि मग ट्रॅकच संपलेला. जिथे संपला तिथे सायकलवाल्याने काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही नकाशात नव्हतं. लाल-पिवळ्या ब्लॉकवर काही दिवसांत चहाच्या टपऱ्या आल्या, गॅरेजवाल्यांच्या दुरुस्तीला आलेल्या गाड्या आल्या, बांधकामाची वाळू आली. टपरीवाल्यावर माझा राग नाही. त्याला पोट आहे, आणि रिकामी जागा रिकामी राहील असं शहराने कधी ठरवलंच नव्हतं. सायकलवाले पुन्हा मुख्य रस्त्यावर आले, आणि “बघा, ट्रॅक केला तरी वापरत नाहीत,” असं ऐकू यायला लागलं. हे वाक्य मला फार लागतं. तुटक्या वाटेवरून कुणी गेलं नाही, याचा दोष ज्याच्यासाठी ती वाट केली त्याच्यावरच टाकायचा, हा कुठला न्याय?

असं का होतं, हे मला एका निवृत्त कनिष्ठ अभियंत्यांनी समजावलं. ते कुठल्या महापालिकेत होते, ते सांगत नाही. त्यांचं म्हणणं असं, की योजनेचा पैसा हप्त्याने येतो. पुढचा हप्ता हवा असेल तर आधीच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वर पाठवावं लागतं. त्यात किती किलोमीटर काम झालं ते लिहायचं असतं. किती बायका, मुलं, म्हातारी माणसं आता तिथून निर्धास्त जातात, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे जिथे जागा सहज मिळते तिथे ट्रॅक होतो. जिथे जागेसाठी भांडावं लागतं, पार्किंग काढावं लागतं, दुकानदारांचा मोर्चा अंगावर घ्यावा लागतो, तिथला तुकडा सोडून दिला जातो. आणि खरा धोका नेमका त्या सोडलेल्या तुकड्यात, चौकात असतो.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बांधायला पैसा बाहेरून येतो, राखायला मात्र महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून काढावा लागतो. फुटपाथ बांधतो पथ विभाग. त्यावरचं अतिक्रमण काढतो दुसरा विभाग. दिवे विद्युत विभागाचे, झाडं उद्यान विभागाची, डीपी महावितरणचा, सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांच्या हातात, आणि केबल टाकायला खोदणारा ठेकेदार वेगळाच. फुटपाथ सलग आणि चालण्याजोगा ठेवणं हे एकट्या कुणाचंच काम नाही. त्यामुळे तो बिघडला म्हणून कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. उद्घाटनाच्या दिवशी फुटपाथ जेवढा चांगला असतो, तेवढा तो पुन्हा कधीच नसतो.

याउलट, वरचेवर बदलले जातात ते पेव्हिंग ब्लॉक. प्रभागाच्या निधीतून, मार्चअखेरीला, निधी परत जाऊ नये म्हणून, धडधाकट ब्लॉक उखडून नवीन बसवले जातात. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. त्याच फुटपाथच्या टोकाला झेब्रा पट्टा पुसून गेलेला असतो, आणि तो रंगवायला म्हणे तरतूद नसते. अंदाजपत्रकात पादचाऱ्यांसाठी ठेवलेली रक्कम वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ करून दुसऱ्या कामाकडे वळवता येते, आणि वळवलीही जाते. चालणारा माणूस संघटित नाही. त्याचा मोर्चा निघत नाही. त्याच्या नावावरचे पैसे उचलले, तर ओरडणारं कुणी नसतं.

एक उदाहरण मात्र मनापासून चांगलं सांगायचं आहे. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही आली. त्याच सुमाराला जंगली महाराज रस्त्याचं काम सुरू झालं. फुटपाथ रुंद झाला, जुनी झाडं तशीच ठेवली, बसायला बाक आले, मुलांना खेळायला जागा झाली. माझी आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रासलेली. घराबाहेर पडायचं म्हटलं की “मला धरून चाल गं” म्हणणारी. संभाजी उद्यानाच्या बाजूने ती एकदा माझा हात सोडून चालली, मध्येच बाकावर बसली, समोरून जाणारी माणसं बघत राहिली, आणि मग आपणहून उठून पुढे निघाली. “इथे बरं वाटतं,” एवढंच म्हणाली. रस्त्यावर खर्च केलेल्या पैशाने आई मोकळेपणाने चालली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ‘आपल्याकडे हे चालायचं नाही’ असं कुणी म्हटलं, की मला ते पटत नाही.

याच जंगली महाराज रस्त्याची एक जुनी गोष्ट पुण्यात घरोघरी सांगतात. १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने तो बांधला, दहा वर्षांची हमी देऊन, आणि दहा वर्षं त्यावर खड्डा पडला नाही. लोक ही गोष्ट डांबराच्या दर्जासाठी सांगतात. मला त्यातली हमी मोलाची वाटते. काम करणाऱ्याने पुढची दहा वर्षं डोळ्यांपुढे ठेवून केलं, कारण कराराने त्याला बांधून घेतलं होतं. मोटारींच्या डांबरासाठी जे पन्नास वर्षांपूर्वी जमलं, ते फुटपाथच्या ब्लॉकसाठी, पट्ट्यांच्या रंगासाठी, रस्ता ओलांडायच्या उंचवट्यासाठी आज निविदेत लिहायला काय हरकत आहे?

पण जंगली महाराज रस्ता हा एक रस्ता. २५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी अभियान सुरू झालं, जानेवारी २०१६ मधल्या पहिल्या यादीत पुणे दुसरं आलं. केंद्राकडून पाच वर्षं वर्षाला सरासरी १०० कोटी, आणि तेवढेच राज्य व महापालिकेने मिळून घालायचे, असा हिशेब होता. त्यात क्षेत्र निवडायचं होतं. पुण्याने औंध–बाणेर–बालेवाडी निवडलं. औंधचे काही रस्ते खरंच देखणे झाले. डिसेंबर २०१७ पासून तिथे आणि विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या त्या सायकलींवर कॉलेजची मुलं हसत-खिदळत जाताना मी पाहिली आहेत. कंपन्या काही महिन्यांत गाशा गुंडाळू लागल्या, कारण तो सगळा डोलारा त्यांच्या गुंतवणुकीवर उभा होता. अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. येरवड्याला, हडपसरच्या गाडीतळाला, कात्रजच्या चौकात जीव मुठीत धरून ओलांडणाऱ्यांना ‘आमचं क्षेत्र यादीत का नव्हतं’ हे विचारायलाही आता कुणी समोर नाही.

पादचाऱ्यांच्या नावाने खर्च झालेला प्रत्येक रुपया पादचाऱ्यासाठी असतोच असं नाही, याचं मुंबईतलं उदाहरण म्हणजे स्कायवॉक. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक उघडला, मग एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, एकामागून एक कितीतरी उभारले. कोट्यवधी रुपये गेले. काही गर्दीच्या स्टेशनांबाहेर त्यांचा उपयोग झाला, हे मान्य. पण मूळ विचार असा, की खालचा रस्ता गाड्यांचा आणि चालणाऱ्याने दोन मजले चढून वरून जावं. गुडघे दुखणाऱ्या बाईने, पोटुशीने, डोक्यावर पाटी असलेल्या मावशींनी, कुबडी घेतलेल्या माणसाने जिने चढायचे, आणि ज्याला पाय हलवावा लागत नाही त्याने सरळ सपाटीवरून जायचं. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक धोकादायक झाला म्हणून २०१९ मध्ये बंद करावा लागला. अकरा वर्षांत. पदपथ सपाटीवरच रुंद केला असता तर एवढं लोखंड गंजायला उरलंच नसतं.

भारतीय रस्ते काँग्रेसची मानकं आपल्याकडे आहेत. फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. म्हणजे साधारण अर्धा फूट. माझ्या माहेरच्या गल्लीबाहेरचा फुटपाथ आईच्या गुडघ्यापर्यंत येतो, म्हणून ती रस्त्यावरूनच चालते. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं: रस्त्याच्या रचनेची मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार ठेकेदाराला, सल्लागाराला, अधिकारी संस्थेला दंड, जास्तीत जास्त एक लाख रुपये. कायद्याने जबाबदारी मान्य केली, हे फार मोठं पाऊल आहे. पण कोट्यवधींच्या निविदेपुढे एक लाख म्हणजे काय, हे कुणालाही कळेल.

कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन २०१२ मध्ये रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. रस्त्यावर मोडलेली हाडं जोडणाऱ्या माणसाने ती मोडूच नयेत म्हणून न्यायालयाचं दार ठोठवावं, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. त्याच प्रकरणात मे २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या पीठाने सांगितलं, की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आता हे हक्काचं झालं. हक्काची गोष्ट ‘निधी उपलब्ध झाल्यास’ या वाक्याखाली ठेवता येत नाही.

म्हणून मला योजनांच्या घोषणांपेक्षा ठरलेला वाटा जास्त भरवशाचा वाटतो. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये धोरण केलं, की वाहतुकीच्या अंदाजपत्रकातला किमान ६० टक्के भाग चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या सोयींवर घालायचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ मध्ये सगळ्या देशांना सुचवलं, की वाहतुकीच्या खर्चातला निदान २० टक्के तरी यासाठी ठेवा. आकडा कितीही असो, तो दरवर्षी असावा, वर्गीकरणाने हलवता येऊ नये, आणि त्यातला ठरावीक हिस्सा फक्त देखभालीचा असावा, एवढं माझं मागणं आहे. दिल्लीहून मोठा पैसा येईल तेव्हा येवो. पट्टा पुसला की पंधरा दिवसांत पुन्हा रंगवणारा माणूस शहराच्या पगारावर असला पाहिजे.

काही गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत. ऐंशी फुटी रस्ता आहे. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण चार फूट चालतो, त्याला वीस सेकंद पुरतात. आई सेकंदाला दोन-अडीच फूट चालते. तिला पस्तीस-चाळीस सेकंद हवेत. सिग्नलच्या पेटीत एवढा बदल करायला कुठलं टेंडर काढावं लागत नाही. मोटारींना पंधरा-वीस सेकंद थांबवायची तयारी लागते. दरवर्षी ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन साजरा करते. २०२१ मध्ये पहिल्यांदा लक्ष्मी रस्ता त्यासाठी वाहनांना बंद केला, तेव्हा लोक रस्त्याच्या मधोमध चालत होते, दुकानदारही समाधानी दिसत होते. तो दिवस मला आवडतो. त्या दिवशी अधिकारीही चालत असतात, तेव्हा निदान सिग्नलच्या सेकंदांची गोष्ट त्यांच्या कानावर घालावी.

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. आपल्या प्रभागात कुठलं काम हवं, ते अर्ज भरून सुचवता येतं; एका कामाला साधारण ५ लाखांपर्यंतची मर्यादा असते. लोक बहुतेक वेळा बाक, नामफलक आणि ब्लॉक सुचवतात. मी यंदा माहेरच्या चौकासाठी अर्ज भरते आहे: शाळेसमोर फुटपाथच्या उंचीचा ओलांडणीचा उंचवटा, दुभाजकात मध्ये थांबायला जागा, त्या जागेवर पडणारा एक दिवा, आणि फुटपाथच्या दोन्ही टोकांना उतार. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची सही मिळाली आहे. पलीकडच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना उतारामुळे दुचाक्या फुटपाथवर चढतील अशी धास्ती आहे, म्हणून अर्जात दोन खांबही लिहिले. खांबांमध्ये चाकाची खुर्ची जाईल एवढं अंतर सोडा, असं त्याच ओळीत घातलं आहे. आता शेजारच्या तीन इमारतींमधल्या सह्या घ्यायच्या राहिल्या आहेत.